घड्याळाच्या हिशेबात मोजलेले सात : नागालँडमध्ये तिकिटं वाटणाऱ्या महाराष्ट्रातल्या पक्षांना खुलं पत्र

प्रति,
राष्ट्रवादी काँग्रेसच्या दोन्ही गटांचे आणि रिपब्लिकन पक्षाचे (आठवले) पदाधिकारी, तसंच 2028 मध्ये ईशान्येत नशीब अजमावू पाहणारे महाराष्ट्रातले इतर पक्ष यांस,

विषय : नागालँडमध्ये एबी फॉर्म देण्याआधी

सप्रेम नमस्कार.

6 फेब्रुवारी 2024 रोजी निवडणूक आयोगाने 'घड्याळ' अजित पवार गटाला दिलं, ते लोकप्रतिनिधींची डोकी मोजून. 81 पैकी 57 त्या बाजूला निघाले : महाराष्ट्राचे 41 आमदार, विधान परिषदेचे 5, लोकसभेचे 2, राज्यसभेचा 1, झारखंडचा 1 आणि नागालँडचे 7. हे सात वगळले असते तरी निकाल तोच लागला असता. पण ते मोजले गेले. त्याआधी एप्रिल 2023 मध्ये पक्षाचा राष्ट्रीय दर्जा गेला, तेव्हा नागालँडमध्ये राज्य पक्ष म्हणून मान्यता मिळाली तीही याच सात जागांच्या जोरावर. म्हणजे कोहिम्याने, नागालँडच्या राजधानीने, तुम्हाला दोनदा हात दिला. तुम्ही कोहिम्याला काय दिलंत, हे विचारायला हे पत्र.

ते सात जण आज घड्याळासोबत नाहीत. 31 मे 2025 रोजी सातही आमदार एनडीपीपीत (मुख्यमंत्री नेफियू रिओ यांच्या तेव्हाच्या पक्षात) विलीन झाले, आणि ऑक्टोबर 2025 मध्ये एनडीपीपी स्वतःच एनपीएफमध्ये (नागा पीपल्स फ्रंटमध्ये). यात नवल वाटायचं कारण नाही, कारण हेच आधीही झालं होतं. 2013 मध्ये राष्ट्रवादीचे तिथे चार आमदार निवडून आले आणि पुढच्याच वर्षी त्यातले तीन भाजपमध्ये गेले. पक्षांतरबंदीच्या दहाव्या परिशिष्टात दोन-तृतीयांश सदस्यांच्या विलीनीकरणाला सवलत आहे. सातांत पाच जण पुरतात, चारांत तीन, दोनांत दोघे. गट जितका लहान तितकं हे सोपं, आणि तुमचे तिथले गट कायम लहानच असतात.

उमेदवार तुमच्याकडे का येतो, याबद्दलही भ्रम नको. 2018 आणि 2023 या दोन्ही निवडणुकांत एनडीपीपीने 40 आणि भाजपने 20 जागा वाटून घेतल्या. त्यामुळे दर मतदारसंघात युतीचं तिकीट एकालाच. ज्याचं तिकीट कापलं गेलं, पण गावागावांत आणि कुळाकुळांत ज्याचं वजन आहे, त्याला अपक्ष म्हणून उभं राहण्यापेक्षा एखादं ओळखीचं चिन्ह बरं वाटतं. 2023 मध्ये राष्ट्रवादीला 7, रिपाइंला 2, लोजपला (रामविलास) 2 आणि जदयूला 1 जागा मिळाली ती याच वाटेने. तो आमदार निवडून येतो स्वतःच्या बळावर. चिन्ह तुमचं, मतं त्याची. म्हणून निकालानंतर तो तुमचं ऐकेल, ही अपेक्षाच फोल आहे.

आता थोडं आकारमानाविषयी, कारण महाराष्ट्रातून पाहताना इथेच गफलत होते. 2023 मध्ये नागालँडचे मतदार होते 13 लाखांच्या थोडे वर आणि जागा 60. एका मतदारसंघात सरासरी 22 हजार मतदार. मुंबई महापालिकेच्या एका प्रभागातही याच्या दुप्पट असतात. साठांपैकी 59 जागा अनुसूचित जमातींसाठी राखीव, फक्त दिमापूर-1 खुली. खर्चाची मर्यादा 28 लाख, गोव्याला आहे तीच. इतक्या लहान मतदारसंघात सभा, रोड शो, बाहेरून आलेला स्टार प्रचारक यांचा उपयोग जवळपास शून्य. बाहेरच्या कार्यकर्त्याला तर राज्यात पाऊल टाकायलाच इनर लाइन परमिट म्हणजे प्रवेशाचा सरकारी परवाना लागतो. डिसेंबर 2019 पासून तो दिमापूरलाही लागू झाला, त्यामुळे गाडीतून उतरून 'आधी काम, मग कागद' हे चालत नाही.

मतदान ठरतं ते गावात. ग्रामपरिषद आणि गाव बुढे (लाल शाल पांघरणारे गावप्रमुख, सगळे ज्यांना 'जीबी' म्हणतात) एकत्र बसतात आणि गावाचा उमेदवार ठरवतात. कधी तसा ठरावही लिहिला जातो. मग मतदानाच्या दिवशी कुटुंबप्रमुख घरातल्या सगळ्यांच्या चिठ्ठ्या घेऊन केंद्रावर येतो. दिमापूरला शिकणारी मुलगी, आसाम रायफल्समधला मुलगा, वारलेली पण यादीत राहिलेली आजी, सगळ्यांची मतं तोच देतो. याला कुणी चोरी म्हणत नाही. घराचं मत घरच्या कर्त्याने द्यायचं, असा समज आहे. बाप्टिस्ट चर्च कौन्सिल गेल्या तीन विधानसभा निवडणुकांपासून स्वच्छ निवडणुकीची मोहीम चालवतं, प्रवचनांतून पैसा आणि परस्पर मतदान या दोन्हींविरुद्ध बोलतं. फरक पडतो, पण शहरांत जास्त, डोंगरात कमी.

तुमचा पोलिंग एजंट इथे काय करू शकतो? बहुधा तो त्याच गावचा असतो, त्यामुळे गावाच्या ठरावाविरुद्ध हरकत घेणं त्याला जड जातं. बहिष्कृत व्हायची, दंड भरायची तयारी असेल तरच तो तोंड उघडेल. पण हिशेब ठेवणं त्याला जमू शकतं. 2023 मध्ये मतदानाची वेळ सकाळी 7 ते दुपारी 4 होती, म्हणजे 540 मिनिटं. व्हीव्हीपॅटची चिठ्ठीच सात सेकंद दिसते. त्याआधी ओळख पटवणं, 17-ए नोंदवहीत सही किंवा अंगठा, बोटाला शाई. 900 मतदारांच्या केंद्रावर 95 टक्के मतदान दाखवलं, तर 855 मतं झाली आणि दर मताला 38 सेकंद मिळाले, तेही जेवणाची सुट्टी न घेता, यंत्र न अडकता. एका रांगेत हे अशक्यच नाही, पण संशय यावा इतकं घट्ट नक्की आहे. म्हणून एजंटला दोनच गोष्टी शिकवा : दर दोन तासांनी एकूण मतांचा आकडा वेळेसह वहीत टिपायचा, आणि मतदान संपल्यावर फॉर्म 17-सी ची (केंद्रावरच्या मतांच्या हिशेबाची) सहीची प्रत हातात पडल्याशिवाय केंद्र सोडायचं नाही. शेवटच्या तासात आकडा एकदम उसळला असेल, तर 17-ए मधल्या सह्या तपासायची मागणी करायला तो कागद लागतो. तोंडी तक्रारीला निवडणूक निरीक्षक भीक घालत नाहीत.

आकड्यांची फुगवट ही वेगळी गोष्ट. जनगणनेवर नजर टाका : 1991 मध्ये राज्याची लोकसंख्या 12.1 लाख, 2001 मध्ये 19.9 लाख. दहा वर्षांत 64 टक्क्यांहून अधिक वाढ. 2011 मध्ये 19.8 लाख, म्हणजे चक्क घट. देशात कुठेही माणसं अशी वाढून गायब होत नाहीत. गावांनी आकडे वाढवून लिहिले होते, कारण विकासाचा निधी आणि विधानसभेच्या जागा डोक्यांवर ठरतात. या गोंधळामुळे 2008 ची मतदारसंघ पुनर्रचना नागालँडमध्ये झालीच नाही. ती झाली की दिमापूरकडे जागा सरकतील आणि डोंगरी जमातींचा राग निवडणुकीत उतरेल. तुमचे उमेदवार त्यात कुठल्या बाजूला उभे राहणार, हे आज विचारून ठेवा.

आता ज्याच्यामुळे हे सगळं साध्या निवडणुकीपेक्षा वेगळं होतं, त्याकडे वळू.

नागा टेकड्यांमध्ये बहिष्कार हा मतदानाहून जुना आहे. मे 1951 मध्ये नागा नॅशनल कौन्सिलने स्वातंत्र्यावर सार्वमत घेतलं, आणि 1952 च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत या भागाने मतदानच केलं नाही. 1958 चा सशस्त्र दल विशेषाधिकार कायदा, 1960 चा 16 कलमी करार, 1963 मध्ये राज्य, 1964 ची शस्त्रसंधी, 1975 चा शिलाँग करार हे सगळं तुम्हाला कुठेही वाचायला मिळेल. शिलाँग करार न मानणाऱ्यांनी 1980 मध्ये एनएससीएन ही सशस्त्र संघटना काढली, 1988 मध्ये ती फुटली. आयझॅक-मुइवा गटाशी 1997 पासून शस्त्रसंधी आहे आणि 3 ऑगस्ट 2015 रोजी अंतिम तोडग्याची चौकट आखणारा 'चौकट करार' झाला. 'आधी तोडगा, मग निवडणूक' ही घोषणा यातूनच येते. 1998 मध्ये तिच्यावरून बहिष्कार झाला. काँग्रेस वगळता जवळजवळ कुणी अर्जच भरला नाही, 60 पैकी 43 जागा बिनविरोध गेल्या आणि काँग्रेसचे 53 निवडून आले. मतं पडली नाहीत म्हणून सरकार थांबलं नाही, ते पाच वर्षं चाललं. (त्या सरकारचे मुख्यमंत्री एस. सी. जमीर पुढे गोव्याचे आणि मग 2008 ते 2010 महाराष्ट्राचे राज्यपाल होते. मलबार हिलवर इतका जाणकार माणूस असताना आपल्याकडे कुणाला नागालँड समजून घ्यावंसं वाटलं नाही, हा आमचा जुना सल.)

2018 च्या जानेवारीत पुन्हा पक्षांनी कोहिम्यात एकत्र सह्या करून निवडणूक न लढवण्याचं जाहीर केलं. काही दिवसांत सगळ्यांनी अर्ज भरले. तेव्हापासून ही घोषणा उमेदवारांच्या तोंडी प्रार्थनेसारखी येते आणि तितक्याच सवयीने विसरली जाते.

'तोडगा' म्हणजे नेमकं काय, हे तुमच्या उमेदवाराला विचारा. दिल्लीसमोर दोन कागद आहेत. एक 2015 चा चौकट करार, एनएससीएन (आयएम) बरोबर. दुसरा 17 नोव्हेंबर 2017 चा, नागा राष्ट्रीय राजकीय गटांच्या, म्हणजे इतर सशस्त्र गटांच्या, कार्यकारी समितीबरोबर. पहिल्या गटाचा स्वतंत्र झेंडा आणि येहझाबो म्हणजे नागा संविधान यांवर आग्रह आहे. 5 ऑगस्ट 2019 ला जम्मू-काश्मीरचा झेंडा गेल्यावर तो आग्रह आणखी ताठर झाला आणि 31 ऑक्टोबर 2019 ची ठरलेली मुदत सही न होता गेली. दुसरा गट झेंड्यासाठी करार अडवू नये, उरलेल्या मागण्या पुढे रेटाव्यात, या मताचा आहे. आमदारकीचा उमेदवार दोन्हीकडे मान डोलावतो, कारण त्याच्या मतदारसंघात दोन्हींची माणसं आहेत. पक्षाने मात्र बाजू लिहून द्यायला हवी : झेंड्याविना करार चालेल का? दोन्ही कागद एक करूनच सही व्हावी का? करार झाला तर चालू विधानसभा बरखास्त करायला तुमचे आमदार राजी आहेत का? ही उत्तरं मुंबईत छापून द्या, कोहिम्यात ती वाचली जातील.

आणि हो, नागा भूभागाच्या एकत्रीकरणावर प्रवक्त्याला वाटेल ते बोलू देऊ नका. 14 जून 2001 रोजी बँकॉकमध्ये शस्त्रसंधीला भौगोलिक मर्यादा नाहीत असं लिहिलं गेलं, आणि 18 जूनला इम्फाळ पेटलं. विधानसभेची इमारत जाळली गेली, माणसं मेली, आणि जुलैअखेर ते शब्द मागे घ्यावे लागले. एनपीएफ मणिपूरच्या डोंगरी जिल्ह्यांतही निवडणूक लढवते, 2022 मध्ये तिथे तिचे पाच आमदार होते. कोहिम्यात टाळ्या मिळवणारं वाक्य मणिपूरमध्ये कुणाच्या तरी घरावर दगड होऊन पडतं.

भूमिगत सशस्त्र गटांची वसुली हा तुमच्या उमेदवाराच्या खर्चाचा न लिहिलेला रकाना आहे. प्रत्येक गटाचं स्वतःचं 'सरकार' आहे, किलोन्सर म्हणजे मंत्री आहेत, आणि पावती फाडून कर घेतला जातो. घरटी, दुकानातून, मालमोटारींकडून, सरकारी नोकरांच्या पगारातून, ठेकेदाराच्या बिलातून. गट वाढले की कर घेणारेही वाढतात. दिमापूरकरांनी याविरुद्ध 2013 मध्ये 'एक सरकार, एक कर' म्हणत मोठी सभा घेतली होती. जून 2020 मध्ये तत्कालीन राज्यपालांनी मुख्यमंत्र्यांना लिहिलेल्या पत्रात सशस्त्र टोळ्या समांतर सरकारं चालवत असल्याचं म्हटलं. उमेदवाराकडेही वर्गणी मागितली जाते. त्याने दिली तर त्याच्या खर्चाच्या हिशेबात ती कुठेच येत नाही, आणि जिंकल्यावर ती ठेकेदाराकडून वसूल होते. न दिली तर काय होऊ शकतं? शेजारच्या अरुणाचलमध्ये तिराप जिल्ह्यात 21 मे 2019 रोजी, निकालाच्या दोन दिवस आधी, आमदार तिरोंग आबो यांच्या गाड्यांच्या ताफ्यावर गोळीबार झाला. त्यांच्यासह 11 जण मारले गेले. एनआयएच्या तपासाचा रोख एनएससीएन (आयएम) कडे होता. तेव्हा उमेदवाराला एकटं सोडून 'तुझं तू बघ' म्हणू नका. मागणी आली की पक्षाच्या केंद्रीय कार्यालयाने, उमेदवाराचं नाव न घेता, शस्त्रसंधीच्या देखरेख यंत्रणेकडे आणि निवडणूक निरीक्षकाकडे लेखी तक्रार करावी. मुंबईच्या लेटरहेडवरच्या तक्रारीमुळे गावातल्या कुणाच्या जिवावर बेतत नाही, हा तुमच्या बाहेरचं असण्याचा एकमेव फायदा आहे.

पूर्व नागालँडचा मुद्दा आम्ही मुद्दाम रिपाइंपुढे ठेवतो, कारण तुमच्या दोन्ही जागा, नोकसेन आणि तुएनसांग सदर-2, तुएनसांग जिल्ह्यातल्या. राष्ट्रवादीच्याही मोन टाउन, लाँगलेंग आणि नोकलाक या जागा पूर्वेच्या. मोन, तुएनसांग, लाँगलेंग, किफिरे, नोकलाक, शामाटोर या सहा जिल्ह्यांत 60 पैकी 20 मतदारसंघ आहेत. राज्य झालं तेव्हा तुएनसांगला प्रादेशिक परिषदेखाली वेगळं ठेवलं गेलं आणि तिथल्या लोकांना विधानसभेसाठी थेट मतदान मिळालं ते 1974 मध्ये. रस्ते, दवाखाने, नोकऱ्या मागे राहिल्याची तक्रार तेव्हापासूनची. 2010 मध्ये ईएनपीओ (ईस्टर्न नागालँड पीपल्स ऑर्गनायझेशन) या जमातींच्या संघटनेने वेगळ्या राज्याची मागणी केली. 2023 च्या विधानसभेवरचा बहिष्कार गृहमंत्र्यांच्या आश्वासनानंतर मागे घेतला. आश्वासनाचं पुढे काही होईना, तेव्हा 19 एप्रिल 2024 ला लोकसभेच्या वेळी तो अमलात आला. 738 मतदान केंद्रं उघडली, कर्मचारी दिवसभर बसून राहिले, 4 लाखांहून अधिक मतदारांपैकी जवळजवळ कुणीही आलं नाही. सहा जिल्ह्यांच्या 20 आमदारांनीही मत दिलं नाही, त्यात तुमचेही होते.

यावर शिस्तभंगाची नोटीस काढायचा मोह होईल. काढू नका. त्या दिवशी मत देणारा आमदार दुसऱ्या दिवशी गावात पाय ठेवू शकला नसता. राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांनी ईएनपीओला भारतीय दंड संहितेच्या 171-सी खाली नोटीस दिली होती, तेव्हा लोकांनी स्वखुशीने मतदान टाळलं, असं उत्तर आलं. बहिष्काराने निकाल मात्र फिरला असू शकतो. काँग्रेसचा उमेदवार सुमारे 51 हजार मतांनी जिंकला आणि गैरहजर मतदार त्या फरकाच्या जवळपास आठपट होते. केंद्रात राज्यमंत्री असलेल्या नेत्याच्या पक्षाचे दोन आमदार त्या भागातले असताना, त्या नेत्याने गृह मंत्रालयाकडे या प्रश्नाचा कधी जाहीर पाठपुरावा केला का, हे आम्हाला शोधूनही सापडलं नाही. केला असेल तर सांगा, आम्ही आनंदाने तो लोकांपुढे ठेवू.

शेवटचा आणि आमच्या मते सगळ्यात गंभीर मुद्दा विरोधी बाकांचा. 2023 मध्ये 7 आमदारांमुळे राष्ट्रवादी तिसरा मोठा पक्ष होता. विरोधी पक्षनेतेपदासाठी सहसा लागणारे दहा टक्के म्हणजे साठात सहा, तुमच्याकडे एक जास्तच होता. तरीही निकालानंतर आठवड्याभरातच तुम्ही 'राज्याच्या व्यापक हितासाठी' नेफियू रिओंना पाठिंबा दिला, आणि तो भाजपला नव्हे तर मुख्यमंत्र्यांना, असा खुलासाही केलात. मंत्रिपदं मिळाली एनडीपीपी आणि भाजपला. तुमचे सात ना सत्तेत, ना विरोधात. जदयूच्या राज्य शाखेने विचारल्याशिवाय पाठिंब्याचं पत्र दिलं, तेव्हा त्या पक्षाने निदान शाखा बरखास्त केली होती.

विरोधकांशिवायची विधानसभा नागालँडला नवी नाही. 2015 मध्ये झाली, 2021 मध्ये झाली, 2023 मध्ये झाली. दर वेळी कारण तेच : तोडग्यासाठी एकमुखाने बोलायचं आहे. पण वाटाघाटीच्या टेबलावर विधानसभेला खुर्चीच नाही. तिथे केंद्र आहे आणि सशस्त्र गट आहेत, राज्य सरकार स्वतःला फक्त सहायक म्हणवतं. तेव्हा एकमुखाने बोलून साध्य होतं ते एवढंच की अर्थसंकल्पावर कुणी प्रश्न विचारत नाही. राज्याचा बहुतेक पैसा दिल्लीहून येतो, तो कुठल्या रस्त्यावर खर्च झाला आणि त्यातला किती कराच्या पावत्यांत गेला, हे सभागृहात विचारणारं कुणी उरत नाही.

महिलांबद्दल एकच नोंद. 2023 मध्ये 180 च्या वर उमेदवार, त्यात महिला चार. दोघी जिंकल्या आणि राज्याच्या इतिहासातल्या पहिल्या महिला आमदार झाल्या. चौघींपैकी तुमच्या पक्षांची एकही नव्हती.

2028 च्या सुरुवातीला पुढची निवडणूक आहे. फॉर्म ए आणि बी निवडणूक अधिकाऱ्याकडे अर्ज भरायच्या शेवटच्या दिवशी दुपारी 3 वाजेपर्यंत पोचावे लागतात, आणि नागालँडमध्ये ते बहुतेक वेळा त्याच दिवशी, दुसरीकडून तिकीट हुकलेल्या माणसाच्या हातात पडतात. ही पद्धत मोडायची असेल तर निदान वर्षभर आधी उमेदवार ठरवा. तोडग्याविषयीची लेखी भूमिका आणि निकालानंतर पाठिंब्याचा निर्णय फक्त केंद्रीय समिती घेईल ही अट, दोन्ही कागदांवर त्याची सही घ्या आणि ते जाहीर करा. कायद्याने तो बांधला जाणार नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. पण उद्या पक्ष बदलताना गावासमोर, चर्चसमोर त्याला त्या सहीचं उत्तर द्यावं लागेल. हे करायची तयारी नसेल तर तिथे उमेदवारच देऊ नका.

आपले,
ईशान्य भारताच्या राजकारणाचे काही मराठी अभ्यासक